वेशीच्या आत आलेला परका



मजूर आपला भाऊबंद असो की आपल्या वेशीच्या आत राहणारा परदेशीय असो, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, असा अनुवाद नामक पुस्तकाच्या २४ व्या अध्यायातील आज्ञेचा आशय आहे. त्यातील वेशीविषयी आम्ही आज दोन शब्द सांगू इच्छितो.

गावाला जशी वेस, तसे देशाला बंदर. परंतु जहाजावर निशाण एका देशाचे, मालक दुसऱ्या देशाचा आणि खलाशी तिसऱ्याच देशाचा असतो. मग त्याच्या मजुरीचा जाब कोणास विचारावा? आमच्या रत्नागिरीकडील खलाशी इंग्रजांच्या आगबोटींवर राबत, तेव्हा त्यांस गोऱ्या खलाशांच्या मानाने फारच थोडा पगार मिळे.

मार्च २०२२ मध्ये ब्रिटनमधील एका फेरीबोट कंपनीने सुमारे ८०० खलाशांस एकाएकी काढून परदेशीय खलाशी ठेविले. त्यांस सरासरी तासाला साडेपाच पौंड मिळतात, असे तिच्या मुख्याने पार्लमेंटाच्या समितीपुढे सांगितले. किनाऱ्यावरील प्रौढ कामकऱ्याची किमान मजुरी तेव्हा ८ पौंड ९१ पेन्स होती. परंतु बोटींवर परक्या देशांची निशाणे असल्यामुळे तो कायदा त्यांपर्यंत पोहोचत नव्हता.

पुढे २०२३ साली तेथे नवा कायदा झाला व डिसेंबर २०२४ पासून तो अमलात आला. ज्या बोटसेवा एका बंदरास वर्षातून १२० वेळा तरी येतात, त्यांनी ब्रिटनच्या पाण्यात किमान मजुरीइतके वेतन दिल्याचे लिहून द्यावे. न दिल्यास जादा आकार भरावा. तोही न भरल्यास बंदर बंद होऊ शकते. वेशीवर उभे राहून जाब विचारणे ते हेच. तथापि क्वचित येणारे जहाज ह्यातून सुटते. त्यावरील खलाशास २००६ च्या सागरी कामगार कराराचा आधार आहे, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला आहे.

म्हणून मंडळीतील जो तरुण जहाजावर जाईल, त्याने हे ध्यानात ठेवावे: सहीचा करार स्वतःजवळ असावा, पगार दरमहा मिळावा, आणि नोकरी लावून देण्याबद्दल दलालास पैसे देऊ नयेत. त्या करारान्वये असे पैसे घेणेच निषिद्ध आहे.

आणि आपल्या वेशीचे काय? परजिल्ह्यातून आपल्या शेतावर आलेल्या मजुराचा हिशेब आज संध्याकाळी चुकता झाला आहे काय? दूरच्या धन्याचा न्याय करण्यापूर्वी आपण आपली वही उघडून पाहू या. अडविलेल्या मजुरीची हाक प्रभूच्या कानी जाते, मग ती समुद्रावरून येवो की आपल्या बांधावरून. आमेन.