आकड्यामागचा शेजारी

औषधाच्या दुकानातून गोळ्या घेताना एक विचार आपल्या मनात क्वचितच येतो : आपल्याआधी कोणीतरी ही गोळी स्वतःच्या देहावर पारखून घेतलेली आहे. त्या अनामिक माणसांचे ऋण आपणा सर्वांवर आहे. ह्याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे गाव. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधनकेंद्र तेथे आहे. बालकांच्या अतिसारावरील ‘रोटाव्हॅक’ ह्या भारतीय लसीची मोठी चाचणी २०११ साली दिल्ली, वेल्लोर आणि वढू येथे सुरू झाली. ६,७९९ तान्ही बाळे तीत सहभागी झाली. तिघांतील दोघांना लस आणि एकाला तिच्यासारखे दिसणारे निरुपद्रवी द्रव्य मिळाले. कोणाच्या वाट्याला काय आले, हे आईलाही ठाऊक नव्हते. २०१६ साली ती लस सरकारी लसीकरणात दाखल झाली.

आज अशा चाचण्यांच्या कामी मोबाईल व ‘क्लाउड’ आले आहेत. रोगी घरी बसून ताप, वेदना, गोळीची वेळ मोबाईलवर नोंदवतो. मनगटावरचे यंत्र नाडीचे ठोके मोजते. आणि ती माहिती दूरच्या संगणकगृहांत साठून संशोधकापुढे येते. मेघ हे नाव असले, तरी तो आकाशात नसतो; माणसांच्याच ताब्यात असतो. वाकडमधील कित्येक घरांतले तरुण हिंजवडीत संगणकाचे काम करतात. औषधचाचण्यांची आकडेवारी सांभाळणे हेही पुण्यातील ह्या व्यवसायाचे एक अंग आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाच होय.

ह्या साधनांचा लाभ खरा आहे, आणि तो सत्याच्या पक्षाचा आहे. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दीर्घकाळ वेदना भोगणाऱ्या ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना कागदी रोजनिशी दिली होती. तिच्या वेष्टनात, ती केव्हा उघडली हे टिपणारे, सहजी लक्षात न येणारे यंत्र बसवले होते. कागदावरून पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या केवळ ११ टक्के होत्या. हातातल्या विद्युत्‌ रोजनिशीत हेच प्रमाण ९४ टक्के निघाले. मागाहून आठवून भरलेल्या नोंदींवर उद्याच्या रोग्याचे औषध ठरू नये, हे कोणीही मान्य करील. शिवाय दूरच्या खेड्यातील रोग्याची खेप आणि बुडणारी मजुरी वाचते, ती वेगळीच.

पण मोजणे म्हणजे जाणणे नव्हे. पोपमहोदय बारावे पायस ह्यांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादा सांगताना स्पष्ट केले होते, की रोग्याने दिलेल्या अधिकाराहून अधिक अधिकार वैद्याला नाही. आणि शरीराचा अवयव जसा शरीरासाठी असतो, तसा माणूस केवळ समाजासाठी नसतो. म्हणूनच संमतीला एवढे मोल आहे. २०१९ च्या भारतीय नियमांनुसार, दुर्बल स्थितीतील व्यक्तींवर नव्या रासायनिक द्रव्याची चाचणी घेताना संमतीच्या संपूर्ण प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. काचेवर बोट टेकवणे ही संमती नव्हे. समजून घेण्याला वेळ, विचारण्याला धीर आणि नको म्हणण्याला मोकळीक असेल, तरच ती संमती. घरातला एकमेव मोबाईल नवऱ्याच्या हाती असेल, तर पत्नीची संमती कोणाची, हेही विचारावे लागेल.

याहून खोल असा एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. मनगटावर यंत्र बांधले, की रोग्याला वाटते, कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे. वस्तुतः आकडा साठत असेल आणि तो वाचणारे कोणीच जागे नसेल. यंत्र बांधणाऱ्याने एक शब्दही न उच्चारता वचन दिलेले असते. ते पाळता येत नसेल, तर तसे रोग्याला त्याच्या भाषेत आधीच सांगितले पाहिजे : “ह्या आकड्यांवर रात्री कोणी लक्ष ठेवीत नाही; जीव घाबरा झाला, तर ह्या क्रमांकावर बोला.” आणि त्या क्रमांकावर खरोखरच माणूस असला पाहिजे.

प्रभू येशूच्या दाखल्यातील याजक आणि लेवी ह्यांनीही जखमी माणसाला पाहिले होते. पाहूनच ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. माहितीची उणीव त्यांना नव्हती. शोमरोनी मात्र जवळ गेला, आणि उतारशाळेच्या मालकाला पैसे देताना परत येण्याचा शब्द देऊन गेला. त्याचे शेजारपण त्या शब्दातही आहे.

हिंजवडीच्या कचेरीत रात्रपाळीला बसलेल्या आमच्या तरुणांना पडद्यावर नाव दिसत नाही, केवळ क्रमांक दिसतो. रोग्याची गुप्तता राखण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु नाव झाकले म्हणून शेजारी नाहीसा होत नाही. एखादी नोंद विपरीत दिसली, तर ती वरिष्ठांच्या कानी घालणे, गाळलेली नोंद अंदाजाने न भरणे, मुदत गाठण्यासाठी आकडा न सावरणे, ही त्यांच्या हातची शेजारसेवा आहे. त्या क्रमांकामागे वढूसारख्या गावातली एखादी आई असेल. आपले मूल तिने आपल्या सर्वांच्या मुलांसाठी पुढे केलेले असेल.