निवाड्याआधीचा प्रश्न

‘अपराध उघड आहे, मग चौकशीचा घोळ कशाला?’ कामगाराला कामावरून काढताना हा प्रश्न केवळ कारखानदारच विचारतो असे नाही. शाळांच्या नि पतपेढ्यांच्या समित्यांवर बसणारी आपण भली माणसेही तो विचारतो. प्रश्न अप्रामाणिक नाही, म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

केंब्रिज विद्यापीठाने 1718 साली डॉ. बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या. 1723 सालच्या खटल्यात न्यायालयाने त्या परत देण्यास फर्मावले, तेव्हा एका न्यायमूर्तीने एदेन बागेचा दाखला दिला: आदामाला शिक्षा सुनावण्यापूर्वी देवानेही त्याला हाक मारून विचारले. सर्वज्ञाला ते ठाऊक नव्हते थोडेच! तेव्हा विचारणे हे केवळ सत्य शोधण्याचे साधन नव्हे. आरोप झाला तरी समोरचा माणूसच आहे, उत्तर देण्याचा त्याला हक्क आहे, याची ती कबुली असते.

मात्र विचारण्याचे नाटकही होऊ शकते. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी 1985 साली सोने सापडल्याचा आरोप झाला. निलंबन, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, कागदोपत्री सारे यथासांग झाले. निर्वाहभत्ता मात्र मिळाला नाही. तो चौकशीस येऊ शकला नाही आणि 1986 मध्ये एकतर्फी चौकशीवरून बडतर्फ झाला. 1987 मध्ये फौजदारी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तरी पुन्हा कामावर घेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मिळण्यास 1999 साल उजाडले. निर्वाहभत्ता नाकारल्याने ती चौकशीच न्यायालयाने सदोष ठरवली. ज्याच्या हाती प्रवासखर्चालाही पैसा नाही, त्याला ‘संधी दिली होती’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

गैरवर्तनाला शिक्षाच नको, असा याचा अर्थ नव्हे. चोरी वा मारहाण यांकडे डोळेझाक करणे हा प्रामाणिक सहकाऱ्यांवरील अन्याय होय. परंतु आरोप लेखी द्यावा, पुरावा दाखवावा, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत, फिर्यादीनेच न्यायाधीश होऊ नये. शिवाय शिक्षा अपराधाच्या मापाची असावी. 1971 च्या दुरुस्तीने औद्योगिक न्यायाधिकरणांना बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार मिळाला, तो याच विचाराने. नोकरी जाते तेव्हा पगारासोबत गावातली पतही जाते.

ऐकून घेतल्यावर कदाचित आपला निर्णय बदलणारही नाही. पण न ऐकता दिलेला निर्णय बरोबर ठरला, तरी तो न्याय ठरत नाही.