शेवटचं मोहरं

मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव मांडताना अॅप एकच विचारतं: किती मिनिटांचा? नियम कुठले, हा प्रश्नच उरलेला नाही. दीडशे वर्षांपूर्वी तोच पहिला प्रश्न असे.

रोमचा सेराफिनो दुबुआ (१८१७–१८९९) हा त्या काळातला इटलीचा सर्वांत नावाजलेला खेळाडू. इटलीत किल्लेकोट करताना राजा आणि हत्ती कुठल्या घरात बसवायचे, याची बरीच मोकळीक होती. बाकी युरोपात ती घरं ठरलेली. दुबुआ १८६२ साली लंडनच्या स्पर्धेत तिथल्या नियमांनी खेळला आणि पाचवा आला. पुढे त्यानं दोन्ही पद्धतींची तुलना करणारा तीन खंडी ग्रंथ लिहिला. तरी शेवटी इटलीनं युरोपचेच नियम घेतले.

आपल्याकडेही तेच झालं. सातारा-सांगलीत, सगळ्या महाराष्ट्रासारखंच, आधी देशी बुद्धिबळ होतं. प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं. प्याद्यानं केलेली मात मानाची. आणि समोरच्याचा राजा एकटा उरला की 'बुर्जी', म्हणजे बरोबरी. जिंकायचं तर त्याच्याकडे एखादं मोहरं राहू द्यावं लागे.

हे नियम गेले ते वाईटच झालं, असं म्हणता येत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. त्याच सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. सांगलीतली मुलगी जगाशी खेळू शकते, कारण पट दोन्हीकडे सारखा आहे.

पण एखादा नियम सगळीकडे पोचला म्हणून तो जास्त बरोबर ठरतो का? दुबुआची पद्धत चुकीची सिद्ध झाली नव्हती. ती कमी लोकांची होती, एवढंच.

बुर्जीवर आक्षेप घेता येतो: हरणाऱ्याला फुकटची पळवाट कशाला? आक्षेप खरा आहे. पण तो नियम दुबळ्याला सूट देताना बलवानाला अट घालत होता. सगळं हिसकावून घेणं म्हणजे जिंकणं नव्हे.

आजच्या पटावर एकट्या राजालाही मात देता येते, आणि स्पर्धेत ती द्यावीच. पण भावाभावांच्या वाटणीत किंवा ग्रुपवरच्या भांडणात नियम कुठले, हे कुठलंच अॅप ठरवत नाही. तिथे समोरच्याचं शेवटचं मोहरं मारायचं की नाही, हे अजून आपल्याच हातात आहे.