आकडा खोटा म्हणण्याआधी

‘कोरोनाचे सरकारी आकडे सगळे बोगस होते’ असं तुम्ही आजही छातीठोकपणे सांगता. चहाच्या टपरीवर सांगता, लग्नाच्या मांडवात सांगता, आणि आता मलाही तोंडावर सांगता. मी तुम्हाला गणित आणि विज्ञान शिकवलं आहे. त्यामुळे हे ऐकून गप्प बसणं मला जमणार नाही. आकडे अपुरे होते, हे मलाही मान्य आहे. पण ते अपुरे का राहिले आणि त्यात तुमचा वाटा किती, हे तुमच्यापैकी एकानेही स्वतःला विचारलेलं मला दिसलं नाही. ते आज मी विचारणार आहे. मध्ये बोलू नका, आधी पुरतं ऐकून घ्या.

२०२२ चा जानेवारी आठवा. ओमायक्रॉनची लाट होती. ७ जानेवारीला एकट्या मुंबईत २०,९७१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्या शहरात एका दिवसात एवढी नोंद तोवर कधी झाली नव्हती. पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जाणारे-येणारे आपल्या इगतपुरीत घरोघरी आहेत. मुंबईत आज जे पसरतं ते घाट चढून चार दिवसांत इथे येतं, हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. घसा धरला, अंग मोडून आलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? मेडिकलमधून किट आणलंत, दार लावून नाकात काडी फिरवलीत, पंधरा मिनिटं थांबलात, दोन रेघा पाहिल्यात आणि पट्टी कचऱ्यात टाकलीत. ना दवाखान्यात कळवलंत, ना शेजारी. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तसे घोटीच्या बाजारात हजर, हळदीला हजर, गाडीच्या डब्यातही हजर. आणि रात्री बातम्या बघून म्हणालात, ‘तालुक्यात एवढेच पेशंट दाखवतात, बघा!’ जास्त दाखवणार कुठून? तुमचं नाव कुणी दिलं होतं?

घरी चाचणी केलीत हा तुमचा गुन्हा नव्हे, हे आधीच सांगते. ती सोय चांगली होती. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ किटला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९ मे २०२१ रोजी मान्यता दिली. किंमत होती २५० रुपये. प्रयोगशाळांवरचा ताण कमी व्हावा, माणसाला लवकर कळावं, त्याने लगेच वेगळं राहावं, हा तिचा हेतू होता. सोबत सूचना होत्या, अगदी सोप्या. लक्षणं असतील किंवा खात्रीच्या रुग्णाशी जवळून संपर्क आला असेल तरच चाचणी करा, ऊठसूट करू नका. पॉझिटिव्ह आलात तर ते खरं माना, पुन्हा चाचणीची गरज नाही. लक्षणं असून निगेटिव्ह आलात तर लगेच आरटीपीसीआर करून घ्या. आणि किटच्या ॲपमध्ये नोंद करून पट्टीचा फोटो पाठवा.

यातली कोणती सूचना तुम्ही पाळलीत? लक्षणं नसताना नातेवाइकांकडे जायच्या आधी ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून चाचणी केलीत. ताप असताना निगेटिव्ह रेघ दिसली की ती परवानगी समजून बाहेर पडलात. अँटिजेन चाचणीला विषाणूचं प्रमाण बरंच असावं लागतं. आरटीपीसीआरमध्ये विषाणूचा अंश प्रयोगशाळेत कितीतरी पटींनी वाढवून शोधला जातो, म्हणून ती कमी अंशही पकडते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी, किंवा काडी नीट न फिरवता आलेल्या निगेटिव्ह रेघेवर विसंबू नये, एवढ्यासाठी ती सूचना होती. आणि ॲपमध्ये नोंद? माझ्यासमोर बसलेल्यांपैकी ज्याने केली असेल त्याने हात वर करावा.

मुंबईचं उदाहरण घ्या. घरच्या चाचण्यांची जानेवारीच्या मध्यापर्यंतची माहिती तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर यांनी जाहीर केली होती. नोंद झालेल्या चाचण्या सुमारे १ लाख ७ हजार, आणि त्यांत पॉझिटिव्ह साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे शंभरात तीन-चार. त्याच शहरात ७ जानेवारीला सत्तर हजारांवर चाचण्या होऊन शंभरामागे जवळपास २९ पॉझिटिव्ह निघत होते. एवढी तफावत कशी पडली? काही लोकांनी लक्षणं नसताना चाचण्या केल्या असतील. काहींचा संसर्ग अँटिजेनने पकडला नसेल. आणि काहींनी निगेटिव्ह कळवलं, पॉझिटिव्ह खिशात ठेवलं असेल. तिन्ही कारणं खरी असू शकतात. पण कुठल्या कारणाचा वाटा किती, हे आता कुणालाही सांगता येणार नाही, कारण ते सांगणारी नोंदच झालेली नाही. अखेर पालिकेला किट बनवणाऱ्यांपासून मेडिकलवाल्यांपर्यंत सगळ्यांना विक्रीचा हिशेब ठेवायला सांगावं लागलं. सुजाण, शिकलेल्या माणसांनी आपणहून जे करायचं ते दुकानदाराच्या वहीतून शोधायची वेळ आली.

आता गणिताकडे या. साथीचा नोंदलेला आकडा कधीच पुरा नसतो. जो चाचणीला गेला तोच मोजला जातो, हे त्या विषयातल्या प्रत्येकाला माहीत असतं. घोटीच्या बाजारात तराजूला पासंग असला, तर तो किती हे कळल्यावर तेवढा धरून भात मोजता येतो. पण कुणी दर खेपेला तो पासंग गुपचूप बदलत राहिलं, तर त्या तराजूवर काहीच मोजता येत नाही. साथीतही आकडा किती कमी पडतोय हे शास्त्रज्ञ शोधून काढत होते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. आयसीएमआरच्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२० च्या देशव्यापी पाहणीत एका नोंदलेल्या रुग्णामागे २६ ते ३२ प्रत्यक्ष संसर्ग असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे तूट प्रचंड होती, पण ती मोजलेली होती. ती गृहीत धरून साथ चढते आहे की उतरते आहे, हे सांगता येत होतं.

घरच्या चाचणीची नोंद दडपून तुम्ही नेमकं हे बिघडवलंत. फळ्यावर मांडते, नीट बघा. समजा, एका आठवड्यात हजार जणांना लागण झाली आणि पाचातला एक नोंदला गेला, तर आकडा २००. पुढच्या आठवड्यात लागण दोन हजारांना झाली, पण मेडिकलमध्ये किट आली आणि आता दहातला एकच नोंदला गेला. आकडा पुन्हा २००. गावात साथ दुप्पट झाली आणि कागदावर जागची हलली नाही. प्रशासन कागद बघून निर्बंध तसेच ठेवेल, ग्रामीण रुग्णालय कागद बघून खाटा तेवढ्याच ठेवेल, आणि तुमच्याच आजीला नाशिकला न्यायची वेळ येईल तेव्हा तुम्ही म्हणाल, ‘यांनी तयारीच केली नाही.’ उलटंही होतं. घरी पॉझिटिव्ह आलेले तेवढे खात्रीसाठी प्रयोगशाळेत गेले आणि निगेटिव्ह आलेले घरीच राहिले, तर प्रयोगशाळेतला पॉझिटिव्हिटी दर उगाच फुगतो. म्हणून ‘आज किती पेशंट?’ एवढंच विचारू नका. किती चाचण्यांतून, कोणत्या चाचणीतून आणि कुणाच्या चाचण्यांतून, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. शेकडेवारी शिकवताना ‘शंभर कशाचे?’ हे मी दर वेळी विचारायला लावत होते, ते याचसाठी.

यात आणखी एक अन्याय आहे, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. किट २५० रुपयांचं. आपल्या तालुक्यातल्या पाड्यांवर भातलावणीला, बांधकामावर राबणाऱ्या माणसाने दिवसभराची मजुरी नाकातल्या काडीवर खर्च करायची होती का? तो गेला सरकारी रांगेत, तिथे त्याचं नाव, पत्ता, मोबाइल लिहून घेतला, आणि तो आकड्यात आला. पैसेवाला दार लावून सुटला. मग त्याच आकड्यांवर बोट ठेवून ‘पाड्यांवरूनच साथ पसरते’ असं म्हणणारीही तुमच्यातलीच माणसं होती. मोजला गेला म्हणून गरीब दोषी आणि लपला म्हणून सधन निर्दोष, हा कोणता न्याय? पाड्यापाड्यावर चालत जाऊन घरोघरी ऑक्सिजन मोजणाऱ्या आशाताईंना तुम्ही दारातून ‘आमच्याकडे सगळे बरे आहेत’ म्हणून परत पाठवलंत. त्या बाईच्या कष्टाची तरी लाज वाटायला हवी होती.

कचऱ्यात गेलेल्या पट्टीबरोबर दुसरंही काही गेलं. प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यांतूनच विषाणूचा नवा अवतार ओळखता येतो. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन वेगळे बदल असलेला प्रकार वाढत असल्याचं दिसलं. पुढे डेल्टा म्हणून जगाने ज्याची धास्ती घेतली त्याच कुळातला तो. त्यामागे कुणीतरी रांगेत उभं राहून दिलेला स्वॅब होता. घरच्या पट्टीतून असं काही शोधायची सोय नाही. लोक नोंदीबाहेर राहिले तरी सांडपाणी तपासून साथीचा माग काढता येतो; ते काम पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केलं. ब्रिटनमध्ये लक्षणं असोत-नसोत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडून नियमित चाचण्या करणारी पाहणी २०२० ते २०२३ चालली. माणसं आपणहून सांगत नसली की असे उपाय करावे लागतात. पण गावागावात अशी पाहणी कोण करणार? इगतपुरीसारख्या ठिकाणी लोकांनी स्वतः सांगणं हाच एक भरवशाचा मार्ग उरतो.

तुम्ही म्हणाल, लोकांना भीती वाटत होती. भीती मला समजते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हाही लोकांनी रोगी लपवले. पण त्यांना भ्यायला कारण होतं. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे शिपाई घराघरांत घुसले, माणसांना ओढून छावण्यांत नेलं, सामानसुमान जाळलं. त्या काळात लपवणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले लागण होऊन गेल्या. रोग्याला स्वतः दवाखान्यात पोचवणारी ती शिक्षिका होती. आणि २०२२ मध्ये तुमच्या दाराशी कोण आलं होतं? सात दिवस घरात राहायचं होतं, एवढंच. तुमची भीती लग्न चुकण्याची, रजा बुडण्याची, दुकान बंद ठेवण्याची होती. तिला प्लेगच्या भीतीच्या रांगेत बसवू नका.

‘सरकारनेही लपवलं’ हा तुमचा आवडता मुद्दा. तो मी टाळणार नाही. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एकदम हिशेबात घेतले, त्यातले ८६२ मुंबईतले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी नोंद पावणेपाच लाखांच्या आसपास होती. केंद्र सरकारने तो अंदाज आणि त्यामागची पद्धत नाकारली. यावर जाब विचारायलाच हवा, खणखणीत आवाजात विचारायला हवा. पण जाब विचारणाऱ्याच्या हातात स्वतःची नोंद लागते. ज्याने आपलाच आजार दडवला तो कुठल्या कागदाच्या आधारावर सरकारला खोटं पाडणार? तुमच्या गप्प राहण्यामुळे अधिकाऱ्यांना आयतं उत्तर मिळालं: ‘आमच्याकडे जेवढे आले तेवढेच आम्ही दाखवले.’ या वाक्यात त्यांची सोय तुम्हीच करून दिलीत.

आणि हे कोरोनापुरतं आहे असं समजू नका. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती कळवणं खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे, तरी ‘नाव नका देऊ, मुलीचं लग्न व्हायचंय’ म्हणून विनवणारे घरोघरी आहेत. डेंग्यूचा ताप कुणाला न कळवता अंगावर काढायचा आणि गल्लीत फवारणी होत नाही म्हणून नगरपालिकेला शिव्या द्यायच्या, हेही रोजचंच. जो रोगी नोंदला जात नाही त्याच्या घराभोवतीचे डास मारायला कुणी येत नाही.

तेव्हा आता सांगते ते ध्यानात ठेवा. लक्षणं असताना निगेटिव्ह रेघ आली तर तिला खात्री समजू नका. दवाखान्यात जाऊन पक्की चाचणी करा, आणि ती होईपर्यंत घरात थांबा. एखादा आकडा पुढे ढकलण्याआधी तो किती चाचण्यांतून आला ते बघा; ते कळत नसेल तर पुढे ढकलू नका. मेडिकल चालवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो, किट विकताना नोंद ठेवा आणि गिऱ्हाइकाला पॉझिटिव्ह आल्यास कळवायला बजावा. पुडा हातात दिला की तुमचं काम संपत नाही. आणि बाकीच्यांनो, दोन रेघा उमटल्या की पहिला फोन आशाताईला किंवा सरकारी दवाखान्यात करा, दुसरा गेल्या दोन-तीन दिवसांत ज्यांच्याबरोबर बसलात-जेवलात त्यांना. हे दोन फोन केल्याचं मला सांगा, आणि मग सरकारच्या आकड्यांवर बोला. त्या दिवशी जाब विचारायला मी तुमच्याबरोबर तहसील कचेरीत येईन.