भिशीतले दीडशे रुपये

१० जण महिन्याला १,००० रुपये घालतात, १०,००० जमतात, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला भिशी लागते. १० महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते. व्याजाचे नाव नाही. पण नीट पाहा, पहिला उचलणारा हा बाकीच्यांचा ऋणको झाला आणि शेवटचा सर्वांचा धनको. त्या बिचाऱ्याने बिनव्याजी पैसे दिले, आणि त्याला आपण उपकार केला हेही ठाऊक नसते! मला हे फार गोड वाटते.

लिलावाच्या भिशीत मात्र चिठ्ठी नाही, बोली. अडलेला म्हणतो, मला ८,५०० च द्या. उरलेले १,५०० दहाजणांत वाटायचे, दरडोई १५०. आता सांगा, हे १५० कशाचे? आपण त्याला नफा म्हणतो. पण ज्याच्या घरी मूल आजारी तोच सर्वांत खाली उतरतो ना? त्याच्या अडचणीचाच तो भाव. कोणी म्हणेल, सावकारापेक्षा बरे, आणि थांबणाऱ्यालाही काही मिळायला नको का? खोटे नाही. दुकानात माल भरण्यासाठी कोणी बोली लावली तर माझी काहीच हरकत नाही.

तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली ती आपल्या वाट्याची. धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला, असे परंपरा सांगते. दुसऱ्याचा हक्क त्यांनी बुडवला नाही. तेव्हा सगळ्यांनीच १५० सोडावेत असे मी कोण सांगणार? पण आजारपणाची बोली लागली तर आपले १५० त्याच्या हातात परत ठेवायला वहीवाल्याला विचारावे लागत नाही.