आमचे कृपादान

प्रत्येक माणसाच्या अंगी काही ना काही गुण असतोच, असे आमचे हेडमास्तर म्हणत. नजर माझ्यावर पडली की मात्र 'बहुधा' हा शब्द जोडीत. त्यामुळे पन्नाशीत असताना आमच्या पाळकसाहेबांनी हाती एक छापील तक्ता देऊन "आपलं कृपादान ओळखा," असे सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

कृपादान म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी देवाने फुकट दिलेली देणगी. फुकट म्हटले की आम्हां डोंबिवलीकरांचे कान टवकारतात. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या बाराव्या अध्यायात यादीच आहे: ज्ञान, विश्वास, रोग बरे करणे, चमत्कार, अन्य भाषा. चमत्कार म्हणावा असा माझ्याकडे एकच होता. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढून ठाण्याला धड उतरणे! पण तो आमच्याकडे सर्वधर्मीय करतात.

मी उपदेशाच्या रकान्यात खूण केली. याला ठाणे जबाबदार. ज्या गावात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधूंनी विश्वासापायी प्राण दिले, तिथे नोकरी करणाऱ्याने निदान वीस मिनिटे बोलायला काय हरकत आहे? शिवाय डोळ्यांपुढे रेव्हरंड ना. वा. टिळक! त्यांची भजने मराठी मंडळ्या अजून गातात.

"अहो, पण तुमचं घरात तरी कोणी ऐकतं का?" सौभाग्यवतींनी विचारले. मी ऐकले नाही.

तोवर माझ्याकडे रविवारी भाड्याच्या हॉलात खुर्च्या मांडण्याचे काम होते. दम्याच्या काकांना पंख्याखालची, रडणाऱ्या बाळाच्या आईला दाराजवळची आणि कल्याणहून येणाऱ्या आजींना काठी टेकायला भिंतीकडेची. हे काम एका उत्साही पोराच्या गळ्यात घालून मी उपदेशाच्या तयारीला लागलो. विषय निवडला 'हरवलेले मेंढरू'.

चौथ्या रविवारी बोललो. दुसऱ्या मुद्द्याला खजिनदार झोपले, तरी एकंदरीत बरे झाले. आजींचा अभिप्राय घ्यावा म्हणून भिंतीकडे पाहिले, तर खुर्चीवर हार्मोनियमची पेटी!

"ती खुर्ची तीन रविवार रिकामीच असते," पोरगा म्हणाला.

माझे नव्याण्णव आणि एक मेंढरांचे गणित जागच्या जागी कोसळले. दुपारीच कल्याण गाठले. आजी न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या; कंबर धरून अंथरुणावर होत्या. शेजारीण दोन वेळचे जेवण आणून देत होती.

"उपदेश केलास म्हणे! बरं केलंस," आजी म्हणाल्या. "पण बाबा, तू खुर्च्या मांडत असतास तर पहिल्याच रविवारी आला असतास."

यापेक्षा छोटा आणि परिणामकारक उपदेश मी ऐकलेला नाही.

परतताना लोकलमध्ये विचार करीत होतो. आपण आपला गुण आरशात शोधतो, आणि तो सापडतो मात्र दुसऱ्याच्या गरजेत. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याआधीही कवी होतेच. कवित्व तेच, कोणासाठी, एवढेच बदलले. आणि पौलाने त्याच अध्यायात शरीराचा दाखला दिला आहे: सगळे शरीर डोळाच झाले तर ऐकायचे कोणी? इथे तर हाताला जीभ व्हायचे होते, आणि खुर्चीला हातच उरला नव्हता.

घरी येऊन तो अध्याय शेवटपर्यंत वाचला. अठ्ठाविसाव्या वचनात, चमत्कारांच्याच रांगेत, मदत करणे आणि व्यवस्था पाहणे हीसुद्धा कृपादाने दिली आहेत. फास्ट लोकल कोपर स्टेशन मागे टाकते, तसे मी ते वचन आजवर मागे टाकत आलो होतो. माणूस तिथेही उतरणारा असतो, हे लक्षात कोण घेतो?

पुढच्या रविवारी मी तक्त्यावरची खूण खोडून 'खुर्च्या' असे लिहिले.

"पण असा रकाना तक्त्यात नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"मग मांडतो की!" मी म्हणालो आणि भिंतीकडेची पहिली खुर्ची उचलली.