थांबविण्याचा अधिकार

हिंगोलीहून वाशीमकडे जातांना कनेरगाव नाका हें गांव लागतें. १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यांत, तर वाशीम वऱ्हाडांत होतें. तेव्हां वाटेवरच्या या गांवाच्या नांवाला नाका चिकटला यांत नवल नाहीं. राज्यें गेलीं, नाका नांवापुरता उरला. पण नाका म्हणजे तरी काय? वाहता व्यवहार क्षणभर थांबविण्याचा अधिकार जेथें एका माणसाच्या हातीं असतो, ती जागा. संगणकाच्या ताब्यांत चालणाऱ्या यंत्रांविषयीं विचार करूं लागलों, म्हणजे मला या नांवाची आठवण होते.

या भागांत कापूस पिकतो, आणि कापूस आला कीं सरकी काढणें व गाठी बांधणें हीं कामें ओघानेंच आलीं. गाठी बांधणारें एखादें दाबयंत्र संगणक चालवीत आहे, अशी वाचकांनीं घटकाभर कल्पना करावी. १७० किलोंची गाठ होईपर्यंत दाब किती झाला, दट्ट्या कोठें आहे, दार मिटलें कीं नाहीं, हें सारें तो पाहतो आणि पुढची आज्ञा देतो. पूर्वीं हें काम रिलेंच्या जाळ्याकडे असे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेंत मोडिकॉनचा नियंत्रक आला. पुढें १९८१ मध्यें आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला आणि कालांतरानें टेबलावरचा हा कारकून कारखान्यांतही शिरला. पत्र लिहितांना तो अडखळला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दट्ट्या खालीं येत असतां अडखळला तर बिघडतें. म्हणून यंत्राचें काम ठराविक मिलिसेकंदांत आधीं व बाकीचें मागून, अशी शिस्त त्याला लावतात. शिवाय त्याच्यावर एक पहारेकरी घड्याळ बसवितात. ‘मी जागा आहें’ असा संकेत ठरल्या वेळीं आला नाहीं, कीं तें घड्याळ यंत्र थांबवितें.

इतकेंही पुरेसें मानीत नाहींत. पिवळ्या पाटीवर एक तांबडें बटण असतें. दाबलें कीं तें अडकून बसतें, आणि सोडविल्यावरही यंत्र आपोआप चालूं लागत नाहीं. त्यासाठीं वेगळी आज्ञा द्यावी लागते. या बटणाचें काम रोजच्या साध्या कार्यक्रमावर सोंपवीत नाहींत.

कां बरें? संगणक चुकतो म्हणून, असें उत्तर मिळतें. तें मला अपुरें वाटतें. चुकण्यांत मनुष्य त्याला हार जाणार नाहीं. खरी गोष्ट अशी कीं, रचणाऱ्याला जेवढे प्रश्न सुचले तेवढेच संगणक विचारतो. दार मिटलें का, हें तो विचारील. दारापाशीं वाकलेला गडी काल रात्रभर आजाऱ्याच्या उशाशीं बसला होता का, हें विचारणार नाहीं. कार्यक्रम लिहिणारा दूर शहरांत असतो. बोटें मात्र या गड्याचीं असतात.

परंतु बटण हाताशीं असणें निराळें आणि तें दाबण्याची मुभा असणें निराळें. १९४८ च्या कारखाने कायद्यानें २४ व्या कलमांत, संकटकाळीं यंत्राची शक्ति तोडण्याचें साधन कामाच्या जागीं असावें, असें सांगितलें. साधन आलें. पण तोच संगणक प्रत्येक थांब्याची वेळ सेकंदासह टिपून ठेवतो, आणि संध्याकाळीं व्यवस्थापक ती यादी वाचतो. टळलेल्या अपघाताची नोंद कोठेंच होत नाहीं. थांब्याची मात्र होते. बोट शाबूत राहिलें, याच पुराव्यावर थांबा अकारण ठरतो!

कोणी म्हणेल, जो तो हवें तेव्हां बटण दाबूं लागला तर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनीं काय करावें? हा आक्षेप खोटा नव्हे. त्यांचाही दिवस मोडतो, आणि तो दिवस फुकटचा नसतो. तरीही व्यर्थ गेलेल्या दहा मिनिटांचा भार कारखान्याच्या खात्यावर पडावा, दाबणाऱ्याच्या मजुरीवर पडूं नये, असें मला वाटतें. त्याला कारण अवश्य विचारावें; जाब विचारूं नये. या दोहोंतला फरक यादींत उमटत नाहीं. तो ती वाचणाऱ्याच्या आवाजांत असतो, आणि दुसऱ्या दिवशीं कामावर आलेला गडी बटणाकडे हात नेण्यापूर्वीं तोच आवाज आठवीत असतो.